झाडाने सोडलेली वाफ वर्गात पकडायची आणि मोजायची कशी

शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. तासाभराने आत थेंब दिसले आणि सहावीतला एक मुलगा ओरडला, "मॅडम, झाडले घाम उना!" (झाडाला घाम आला!) मला ते वाक्य इतके आवडले की मी ते तसेच अहिराणीत फळ्यावर लिहिले. मग त्याच्याच बाकावरच्या मुलीने विचारले, "पण हे पाणी पिशवीतल्या हवेतलंच असलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी एकच पिशवी बांधली होती आणि तुलनेला दुसरे काहीच ठेवले नव्हते.

तेव्हापासून हे प्रयोग करताना मी एक नियम पाळते. थेंब दिसले म्हणून थांबायचे नाही. ते कुठून आले, याची मुलांची खात्री पटेपर्यंत पुढे जायचे. खाली लिहिलेले सगळे प्रयोग त्या मुलीच्या प्रश्नातून आकाराला आले. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या शाळांत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे, तिथेही ते करता येतात.

आधी थोडे समजून घेऊ

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी फारच थोडे झाड स्वतःच्या वाढीसाठी आणि अन्न तयार करण्यासाठी ठेवते. साधारण शंभरातले सत्त्याण्णव भाग पाणी पानांवाटे वाफ होऊन बाहेर जाते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. पानावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, ती पर्णरंध्रे. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्र उघडावेच लागते, आणि दार उघडले की वाफ बाहेर पडतेच.

आता घामाबद्दल. आपला घाम त्वचेवर पाणी म्हणून येतो आणि मग वाळतो. पानातून मात्र पाणी बाहेर पडते तेच वाफेच्या रूपात. पिशवीतले थेंब हे त्या वाफेचे पुन्हा झालेले पाणी. हा फरक मुलांना सांगावा, पण "घाम" हा शब्द खोडू नये. अंग थंड होणे हा परिणाम दोन्हीकडे सारखाच आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० जूल उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ३०० जूलही लागत नाहीत. उन्हात तापलेल्या पत्र्याला आणि शेजारच्या हिरव्या पानाला मुलांना हात लावू द्या, मग हे आकडे सांगा.

वेळ आणि ऋतू

हे प्रयोग आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी करू नयेत. मी एकदा केला होता. बाहेर बेचाळीस अंश तापमान, त्यात बंद पिशवी. दोन तासांत आतली पाने शिजल्यासारखी काळपट पडली. शिवाय कडक उन्हात जमिनीत ओल कमी असेल तर झाड रंध्रे मिटून घेते आणि पाणी उलट कमीच मिळते. सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत, वेळ सकाळी नऊ ते बारा. भर पावसाळ्यात हवाच दमट असल्याने काही प्रयोग फसतात. कोणते ते पुढे येईलच.

पाने शाळेच्या आवारातलीच घ्या. कपाशी, केळी किंवा वांग्याच्या शेतातून आणायची झाली तर तिथे अलीकडे फवारणी झालेली नाही ना, हे शेतमालकाला विचारून मगच मुलांच्या हातात द्या. कण्हेर आणि रुई अजिबात घेऊ नका, दोन्हींचा चीक विषारी असतो.

पहिला प्रयोग: तीन पिशव्या

एकाच आकाराच्या, भोके नसलेल्या तीन पारदर्शक पिशव्या घ्या. दोन लिटर पाणी मावेल एवढी पिशवी पुरते. कडुनिंब किंवा जास्वंदीच्या एकाच झाडावर, सारखे ऊन मिळणाऱ्या दोन फांद्या निवडा. पानांवर दव असेल तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हे विसरलात तर पुढचे सगळे फुकट जाते.

पहिली पिशवी पानांच्या फांदीवर चढवा. दुसऱ्या फांदीची सगळी पाने देठासकट काढा, देठ तुटलेल्या जागी व्हॅसलिन लावा आणि मग पिशवी चढवा. तिसऱ्या पिशवीत तेवढ्याच जाडीची वाळकी काटकी ठेवा आणि ती शेजारी टांगा. तोंड बांधताना फांदीभोवती आधी कापसाचा पातळ थर गुंडाळा आणि त्यावर दोरा आवळा, म्हणजे फट राहत नाही आणि सालही दुखावत नाही. पिशवीचा एक कोपरा खाली लोंबेल असा ठेवा, पाणी तिथे जमते.

दर अर्ध्या तासाने मुलांनी पाहून वहीत लिहायचे. दोन-तीन तासांनी पिशव्या सोडा आणि कोपऱ्यातले पाणी बिनसुईच्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने ओढून मोजा. पिशव्या रात्रभर झाडावर ठेवू नका.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. ३५ अंश तापमानाला हवा पूर्ण दमट असली, तरी एक घनमीटर हवेत जेमतेम ४० ग्रॅम वाफ मावते. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. म्हणजे दोन लिटरच्या पिशवीतल्या हवेत जास्तीत जास्त ०.०८ ग्रॅम. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा, तेव्हा पिशवीतल्या हवेतले सगळे पाणी पिळून काढले तरी दोन थेंबसुद्धा पुरते भरणार नाहीत. सिरिंजमध्ये एक मिलिलिटर पाणी आले, तर ते हवेतले असणे शक्यच नाही. हे गणित मी सातवीच्या वर्गाकडून फळ्यावर करून घेते. तिसरी पिशवी कोरडी राहिलेली डोळ्यांसमोर असते, त्यामुळे आकडा आणि डोळे एकच गोष्ट सांगतात.

बिनपानांच्या फांदीच्या पिशवीत थोडा दमटपणा दिसू शकतो. सालीतूनही थोडी वाफ जाते, म्हणून घाबरून प्रयोग चुकला असे समजू नये. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा: पिशवीत मिळालेले पाणी हा झाडाचा खरा खर्च नव्हे. आतली हवा लवकरच दमट होते आणि मग पानातून वाफ निघायचा वेग मंदावतो. मोकळ्या वाऱ्यात तेच पान याहून जास्त पाणी सोडत असते.

जमलेला द्रव पाणीच आहे का, असेही कुणी विचारते. त्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरा. केळीच्या करपा रोगावर फवारायचे बोर्डो मिश्रण करायला घरोघरी आणतात, तोच. त्याच्या निळ्या खड्यांत पाणी बांधलेले असते. लोखंडी पळीत मंद आचेवर तापवला की ते उडून जाते आणि पांढरी पूड उरते. तिच्यावर पिशवीतला थेंब टाका, पूड पुन्हा निळी होते. तापवण्याचे काम शिक्षकानेच मोकळ्या हवेत करावे. मोरचूद विषारी आहे, ती पळी पुन्हा स्वयंपाकात वापरू नये आणि सगळ्यांनी हात साबणाने धुवावेत.

दुसरा प्रयोग: वजनकाट्यावर

मला विचाराल तर सगळ्यांत हाच प्रयोग मोलाचा आहे. स्टीफन हेल्स हे इंग्लंडमधले धर्मगुरू. त्यांनी १७२४ साली कुंडीतले सूर्यफूल असेच रोज तोलले. मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले होते. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी अर्धा किलोच्या आसपास पाणी सोडत होते. तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने तराजू आणि चिकाटी यांच्या बळावर हे मोजले, ही गोष्ट मुलांना सांगितली की वजने घ्यायला ती स्वतःहून पुढे येतात.

आपल्याला हवा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, सारख्या पाच बाटल्या, थोडे गोडेतेल, व्हॅसलिन आणि जास्वंदीच्या चार फांद्या. प्रत्येक फांदीला आठ-दहा पाने असावीत. फांद्या कापून आणल्यावर बादलीत पाण्याखाली बुडवून त्यांचे टोक पुन्हा तिरके छाटा. हवेत छाटले तर जलवाहिन्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाणी चढणे अडते.

पाचही बाटल्यांत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरा. पहिलीत फांदी तशीच ठेवा. दुसऱ्या फांदीच्या सगळ्या पानांना वरच्या बाजूने व्हॅसलिनचा पातळ थर द्या, तिसरीच्या पानांना खालच्या बाजूने. चौथीची पाने काढून टाका. पाचव्या बाटलीत फांदीच नको. मग प्रत्येकीत पाण्यावर चमचाभर तेल सोडा, म्हणजे पाणी थेट हवेत उडणार नाही. बाटलीवर क्रमांक चिकटवा, वजन लिहा आणि सगळ्या बाटल्या एकाच ओळीत उजेडाच्या जागी ठेवा. शाळा सुटेपर्यंत दर तासाला वजन करा. एक ग्रॅमचा काटा बारीक फरक पकडत नाही, म्हणून पहिल्या तासात काहीच बदल दिसला नाही तरी धीर धरा.

पाचवी बाटली जवळपास जागच्या जागी राहते, चौथीही फारशी हलत नाही. पहिली सर्वांत जास्त घटते आणि दुसरी तिच्या मागोमाग. खालून व्हॅसलिन लावलेली तिसरी मात्र बरीच मागे राहते. जास्वंदीची बहुतेक पर्णरंध्रे पानाच्या खालच्या अंगाला असतात, हे मुलांना काट्यावरच दिसते.

आठवी-नववी असेल तर इथे थांबू नका. पहिल्या फांदीची पाने काढून आलेख कागदावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. समजा दहा पानांचे मिळून ३०० चौरस सेंटिमीटर भरले आणि सहा तासांत १२ ग्रॅम घट झाली. मग दर चौरस सेंटिमीटरमागे ०.०४ ग्रॅम, म्हणजे एक चौरस मीटर पानांमागे सहा तासांत ४०० ग्रॅम. आता मुलांना घरच्या केळीचे एक पान मोजून आणायला सांगा, लांबी आणि रुंदी दोन्ही. जास्वंदीचा दर केळीला जसाच्या तसा लागू पडत नाही, ते स्पष्ट सांगून ठेवा. पण एवढ्या मोठ्या पानाला किती पाणी लागत असेल याचा अंदाज येतो, आणि वडील ठिबकच्या वेळेबाबत एवढे काटेकोर का असतात, हेही मुलांच्या लक्षात येते.

तिसरा प्रयोग: निळ्याचा गुलाबी होणारा कागद

कोबाल्ट क्लोराइड कोरडे असताना निळे दिसते, ओल लागली की गुलाबी होते. टिपकागदाच्या बोटभर पट्ट्या त्याच्या पाच टक्के द्रावणात बुडवून उन्हात किंवा इस्त्रीखाली पूर्ण निळ्या होईपर्यंत वाळवा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत ठेवा. द्रावण करण्याचे काम शिक्षकांचे. रसायन विषारी आहे, हातमोजे घाला. पट्ट्या चिमट्यानेच उचला, बोटांची ओलसुद्धा त्यांना पुरते.

झाडावरच्याच पानाच्या वर आणि खाली एकेक पट्टी ठेवा. दोन्हींवर काचपट्टी किंवा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून कडेने चिमटे लावा आणि घड्याळ सुरू करा. आंब्याच्या पानाची खालची पट्टी आधी गुलाबी होते, वरची बराच वेळ निळी राहते. मग तोच प्रयोग मक्याच्या किंवा ज्वारीच्या पानावर करा. तिथे दोन्ही पट्ट्या रंग बदलतात, कारण त्यांना दोन्ही बाजूंनी रंध्रे असतात. एक पट्टी नुसती हवेत, काचेच्या दोन तुकड्यांत धरून ठेवा. श्रावणात ती हवेतलीही आपोआप गुलाबी होते, म्हणून हा प्रयोग हिवाळ्यासाठी राखून ठेवावा.

रंध्रे प्रत्यक्ष पाहायची तर पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या, वाळू द्या, त्यावर सेलोटेप चिकटवून हळूच ओढा आणि काचपट्टीवर लावा. पानाचा ठसा निघून येतो. सूक्ष्मदर्शक नसेल तर शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी विकसित केलेले फोल्डस्कोप हे कागदी सूक्ष्मदर्शक चालते, ते सुमारे १४० पट मोठे दाखवते. ओठांसारख्या जोड्या दिसल्या की समजा, त्याच रक्षक पेशी.

चौथा प्रयोग: बुडबुडा पळतो

झाड पाणी किती वेगाने ओढते हे मिनिटामिनिटाला दाखवणारे उपकरण सलाईनच्या नळीतून बनते. मेडिकलमधून नवी कोरी नळी आणा. दवाखान्यात वापरलेली नळी कितीही धुतली तरी मुलांच्या हातात देऊ नका. सुई आणि थेंबनळीचा भाग कापून टाका, नुसती दोन-अडीच फुटांची पारदर्शक नळी उरते.

आधी नळीचे माप काढा. सिरिंजने बरोबर एक मिलिलिटर पाणी नळीत सोडा आणि त्याची लांबी पट्टीने मोजा. आतला व्यास तीन मिलिमीटर असेल तर ती सुमारे १४ सेंटिमीटर भरते. हे एकदा केले की पुढे बुडबुड्याने कापलेले अंतर थेट मिलिलिटरमध्ये वाचता येते.

मोठ्या बादलीत नळी पूर्ण बुडवून तिच्यातली हवा काढा. नळीत घट्ट बसेल एवढ्या जाडीची जास्वंदीची फांदी पाण्याखालीच तिरकी छाटा आणि पाण्याखालीच नळीच्या एका टोकात खोचा. बाहेर काढून सांध्याला व्हॅसलिनचा जाड लेप द्या, वरून दोरा गुंडाळा. नळीचा बराचसा भाग टेबलावर पट्टीलगत आडवा चिकटवा आणि मोकळे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. ते टोक क्षणभर पाण्याबाहेर काढून पुन्हा बुडवा, एक बुडबुडा आत शिरतो. फांदी पाणी ओढू लागली की तो पट्टीलगत सरकताना दिसतो. सरकतच नसेल तर दहापैकी नऊ वेळा सांध्यातून हवा शिरत असते. पुन्हा लेप द्या.

पाच मिनिटांत बुडबुडा किती सरकला ते आधी वर्गातल्या शांत हवेत मोजा. मग टेबलफॅन लावा आणि पुन्हा मोजा. मग फॅन बंद करून फांदी उन्हात, नंतर पिशवीखाली. प्रत्येक वेळी परिस्थिती बदलल्यावर पाच मिनिटे थांबून मगच मोजणी सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: फॅन आणि ऊन एकदम दिले तर वेग कशामुळे वाढला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

फॅनचा आकडा हाती आला की मी मुलांना रावेर-यावलकडच्या केळीबागांची आठवण देते. बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ताटी उभी असते. वारा पानाभोवतीची दमट हवा उडवून नेतो आणि तिच्या जागी कोरडी हवा येते, की पानातून पुन्हा जोरात वाफ निघते. उन्हाळ्यातली झळ केळीला सोसत नाही, ती एवढ्याचसाठी. भर दुपारी केळीचे पान मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी खाली मिटते, तेही उन्हाला सामोरी जाणारी जागा कमी करण्यासाठी. मुलांनी हे दोन्ही रोज पाहिलेले असते. टेबलावर बुडबुडा पळताना पाहिला की त्यांचे तेच त्यांना जुळते आणि वर्गात एकदम गलका होतो.

काटेकोरपणासाठी एवढे लक्षात ठेवा की ही नळी झाडाने ओढलेले पाणी मोजते, सोडलेले नव्हे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात, पण एकच नसतात.

पाणी वर चढते कसे

पावसाळ्यात तेरडा उगवतो, त्याचे खोड जवळजवळ पारदर्शक असते. लाल खाण्याच्या रंगाच्या पाण्यात दोन फांद्या ठेवा, एक पानांसह आणि एक पाने काढून. पानांच्या फांदीत लाल रेघा भराभर वर चढतात. पानातून वाफ बाहेर जाते, तिच्या मागोमाग पाण्याचा सलग धागा खालून ओढला जातो. पाण्याचे कण एकमेकांना धरून राहतात म्हणून तो धागा तुटत नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण आजही मान्य आहे.

इथे एक गल्लत हमखास होते. सकाळी चमकोऱ्याच्या (अळूच्या) पानाच्या टोकाशी थेंब लटकलेला असतो, तो बाष्पोच्छ्वासाचा नव्हे. रात्री हवा दमट आणि रंध्रे मिटलेली असतात, पण ओल्या जमिनीतून मुळे पाणी वर ढकलतच राहतात. ते पाणी पानाच्या टोकाशी पाण्याच्याच रूपात पाझरते. याला बिंदुस्राव म्हणतात. दव असेल तर ते सगळ्या पानावर, शेजारच्या दगडावरही पसरलेले दिसते.

ज्यांना आणखी करायचे आहे

शाळेत पानफुटीची कुंडी असेल तर एक प्रयोग जरूर करा. पानफुटीची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, कोरफडीचीही तशीच. जास्वंदीचे रोप आणि पानफुटी, दोन्हींच्या कुंड्या संध्याकाळी पाणी देऊन, निथळून, देठापर्यंत प्लास्टिकमध्ये बांधा, म्हणजे मातीतली वाफ अडकेल. संध्याकाळी सहाला वजन, सकाळी सातला वजन आणि पुन्हा संध्याकाळी सहाला. तीन दिवस सलग करा, पण मधे पाणी देऊ नका. रात्रीच्या वजनासाठी काटा शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी ठेवावा लागेल. त्या घरातली आजीसुद्धा तिसऱ्या दिवशी सकाळी काट्याशी येऊन उभी राहते, असा माझा अनुभव आहे.